कासवाच्या बाजूने

2016 च्या जानेवारीत ‘पंच क्लब’ बाजारात आला, तेव्हा प्रकाशकांनी एक टूम काढली होती. ट्विचवर जमलेल्या हजारो अनोळखी लोकांनी एकत्र आज्ञा देत देत तो गेम आधी संपवून दाखवायचा. संपला की विक्री लगेच खुली. त्या झुंडीने साधारण दीड दिवसात काम फत्ते केलं. आमच्या पिंपरीतल्या खराळवाडीच्या खोलीत तोच गेम उन्हाळ्यात सुरू झाला आणि गणपती बसले तरी संपला नव्हता. एक लॅपटॉप, तीन माणसं आणि तिघांच्या तीन शिफ्ट, दुसरं काय होणार!

गेम बनवणारी लेझी बेअर गेम्स ही रशियातली छोटी मंडळी, प्रकाशक टायनीबिल्ड. त्याच वर्षी टायनीबिल्डने आकडे जाहीर केले. 3 लाखांवर प्रती विकल्या गेल्या होत्या आणि 16 लाखांवर चोरून उतरवल्या गेल्या होत्या. आमच्या खोलीतली प्रत यातल्या कुठल्या खात्यातली, हे आमच्यातल्या परभणीकराने खिशातून पेन ड्राइव्ह काढला तेव्हा कोणी विचारलं नाही.

खोली कॉट बेसिसवर. बार्शीचा तो बार्शीकर, परभणीचा तो परभणीकर. खरी नावं फक्त पगाराच्या पावतीवर. मी संगमनेरहून डिप्लोमा करून आलेला ट्रेनी. खाली घरमालक आप्पा आणि काकू. आप्पा टेल्कोतून निवृत्त झालेले. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण त्यांच्या तोंडी कायम टेल्कोच. तरुणपणी वाळव्याकडून आले ते पैलवानकी करून आणि मोडलेले कान घेऊन.

मारामारीचे गेम आम्हाला नवे नव्हते. संगमनेरला एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये आम्ही ‘मुस्तफा’ खेळून वाढलो. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, 1993 चा. पण देशभरच्या पोरांनी त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफाचंच नाव आख्ख्या गेमला देऊन टाकलं होतं. पुढे ‘टेकन 3’ आला. त्यात एडी गोर्डो घेऊन दिसेल ते बटण बडवणारा नवशिका पोरगा मुरलेल्या खेळाडूला आडवा करायचा आणि त्यावरून पार्लरमध्ये खऱ्या मारामाऱ्या जुंपायच्या. सगळा खेळ बोटांचा.

‘पंच क्लब’मध्ये बोटांना कामच नाही. लढत सुरू झाली की हात मांडीवर ठेवायचे. तुमचा गडी आपला आपण मारतो, चुकवतो, मार खातो. तुमचं काम त्याच्या आधीचं. त्याला उठवायचं, जिममध्ये न्यायचं, खायला घालायचं. खायला पैसे नसले तर बांधकामावर नाहीतर पिझ्झा पोचवायला धाडायचं. थकला की झोपवायचं, वैतागला की टीव्हीपुढे बसवायचं. भूक, मूड आणि दम यांच्या पट्ट्या सतत बघत राहायच्या. कुठे चालत जावं तर वेळ जातो, बसने जावं तर पैसे. लढतीत कुठले डाव वापरायचे ते आधी ठरवून द्यायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते बदलता येतात, एवढीच काय ती सवलत.

गोष्ट म्हणाल तर जुनीच. नायकाच्या बापाचा लहानपणी डोळ्यांदेखत खून होतो आणि मोठेपणी तो मारामारीत नाव काढून खुन्याच्या मागावर निघतो. ‘जंजीर’ पाहिलेल्या आमच्या आईबापांनाही ती न सांगता कळली असती. बाकी सगळी 80 च्या दशकातल्या अमेरिकी सिनेमांची थट्टा: गटारात राहणाऱ्या मगरी, मुष्टियुद्धाच्या सिनेमातून उचललेला म्हातारा प्रशिक्षक. चित्रं जुन्या टीव्ही गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची. त्यातली निम्मी थट्टा आमच्या डोक्यावरून गेली, पण त्यावाचून काही अडलं नाही.

अडायचं ते रोज रात्री बारा वाजता. ताकद, चपळाई आणि चिवटपणा या गड्याच्या तीन मुख्य गोष्टी. दिवसभर घाम गाळून त्या वाढवायच्या आणि दिवस पालटला की गेम प्रत्येकीतून थोडी थोडी कापून घेतो. जितकं वर चढाल तितकी कात्री मोठी. एक दिवस जिम चुकली की कालची कमाई गेली. दोन दिवस पैशांसाठी नुसतं काम केलं, तर परवाचा गडी आणि आजचा गडी वेगळा. या कात्रीवर परीक्षक आणि खेळाडू दोघांनीही भरपूर नाकं मुरडली. खेळ म्हणून घेतला आणि हा तर दुसरी नोकरीच निघाला, असा एकूण सूर होता.

आमच्या खोलीत मात्र ही तक्रार कोणी केली नाही. त्याचं कारण पिंपरीत होतं, आणि थोडं चाकणच्या रस्त्यावर.

आप्पांच्या पिढीला कारखाना सायकलच्या टप्प्यात होता. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत उभी राहिली, मागोमाग आकुर्डी, चिंचवड, भोसरी भरत गेली, आणि 1982 साली इथे महानगरपालिका झाली तेव्हा पहिल्या शिफ्टला सायकलींची रांग लागायची, असं आप्पा सांगत. आमच्या वेळेपर्यंत काम उत्तरेला सरकलं होतं. बजाजने चाकणला कारखाना काढला 1999 साली, फोक्सवॅगन आली 2009 साली, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांचा पसारा वाढत गेला. त्यातल्याच एकात मी. राहायला पिंपरी, कारण इथे खोली, खानावळ आणि लोकल तिन्ही हाताशी; कामाला चाकण. मोरवाडीला कंपनीची बस धरायची. मग नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी. फर्स्ट शिफ्टला जाताना झोप आणि परतताना ट्रॅफिक. पुढे गेम फोनवर घेतला (हा पैसे देऊन) तो याच बसमध्ये खेळला. मोशीच्या टोलनाक्याला बस अडकली की माझ्या गड्याचे दोन वर्कआउट सहज उरकत. इंटरनेट लागत नसे हे मोठं सुख. सप्टेंबरात जिओ आलं, तोवर एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरायची रीत होती.

खरा हिशोब बार्शीकराचा. तो कॉन्ट्रॅक्टवर. या पट्ट्यात राहिलेल्याला ‘ब्रेक’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर्षभरात 240 दिवस भरले की कामगाराला कायद्याचं थोडं तरी संरक्षण मिळतं, म्हणून त्याच्या अलीकडेच, सात महिन्यांवर, गेटपास परत घ्यायचा. मग दुसऱ्या गेटवर पुन्हा पहिल्यापासून: मेडिकल, फोटो, नवे सेफ्टी शूज, नवा सुपरवायझर, आणि मशीन येत असूनही नवशिक्याच्या दराने हजेरी. गेममधली बाराची कात्री त्याने पहिल्यांदा पाहिली, तेव्हा परभणीकर चिडून शिव्या घालत होता. बार्शीकर शांतपणे म्हणाला, “रोज थोडी थोडी कापतायत ना, बरंय की. आमची सात महिन्यांची एकदम कापतात.”

आप्पा वर यायचे ते पाण्याची मोटर बंद करायला. एकदा दारात थांबले. पडद्यावर आमचा गडी कोणा नकट्याच्या हातून फटके खात होता.

“ह्यो कोन रं?”

“आमचा पैलवान आहे, आप्पा.”

“खुराक काय याचा?”

“पिझ्झा.”

“मग पडनारच की!” असं म्हणून ते खाटेच्या कडेवर टेकले आणि मोटर तशीच चालू राहिली. टाकी भरून वाहिली, काकूंनी खालून हाका मारल्या, तरी ते उठले नाहीत. त्यांना सगळं समजावून सांगितलं. रात्री ताकद कापली जाते हे ऐकल्यावर परभणीकराला वाटलं, निदान हे तरी आपल्या बाजूने बोलतील. आप्पांनी मान डोलावली. “बरोबर हाय त्येचं. चार दिस लंगोट खुंटीला लावला की पाचव्या दिशी माती वळखत न्हाई.”

त्यांची तक्रार वेगळीच होती, आणि मी आजवर या गेमवर ऐकलेली ती सर्वांत नेमकी टीका आहे. लढत चालू असताना आम्ही तिघं नुसते बघत बसलोय हे त्यांना काही केल्या पटेना. वस्ताद हौद्याच्या कडेला बसतो हे ठीक, पण वस्तादाला ओरडता तरी येतं. पट काढ म्हणावं, खाली बस म्हणावं, नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी पोरगं सावध होतं. “ह्येला काय ऐकूच येत न्हाई?” ऐकू येत नाही, असं आम्ही कबूल केलं. आप्पा म्हणाले, “मग तुमी वस्ताद न्हाई. तुमी खुराक पुरवनारे सावकार.”

त्यानंतर गेमपेक्षा आप्पांच्या गोष्टीच जास्त चालत. तालमीची तांबडी माती कशी कालवतात: ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून, म्हणजे अंगाला लागली तरी खरचटलेलं चिघळत नाही. पहाटेचे जोर, संध्याकाळच्या लढती. या सगळ्याला ते ‘मेहनत’ म्हणत, व्यायाम हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. जत्रेतलं मैदान सुरू होतं ते शाळकरी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी, आणि दिवस कलता कलता हलगीच्या तालावर इनामाचा आकडा चढत शेवटच्या कुस्तीवर जातो. बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवलं, ती कुस्ती तर आप्पा अशी सांगत, की हौद्याच्या कडेला ते स्वतःच बसले होते असं वाटावं. बसले होते का, हे आम्ही विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारू नयेत.

पैलवानकी का सोडली, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. खुराक परवडेना. दूध, तूप, बदाम, थंडाई. एका पैलवानाच्या पोटात आख्ख्या घराचा पगार जातो. शाहू महाराजांच्या काळी कोल्हापुरात त्याची सोय दरबारातून व्हायची. 1912 साली खासबागेचं मैदान बांधून घेणारा राजा होता तो. पुढे काही साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन सांभाळलं. ज्यांना दोन्ही मिळालं नाही ते पोलिसात गेले, लष्करात गेले, नाहीतर पिंपरीच्या गेटवर येऊन उभे राहिले. आप्पांनी जत्रेतली इनामं आणि टेल्कोचा पगार यांचा हिशोब मांडला आणि लंगोट ठेवून दिला. आमचा गडीही पडद्यावर नेमक्या याच घोळात फसलेला असायचा: मेहनत करावी तर खायला नाही, खायचं कमवावं तर मेहनत राहते. मुळात हा गेम मारामारीचा नाहीच, किराणा मालाचा आहे, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

आता थोडं आमच्या भांडणाविषयी. गड्याला शिकवायच्या तीन वाटा असतात. अस्वलाची वाट ताकदीची. एक ठोसा, पण वजनदार. वाघाची चपळाईची, चुकवायचं आणि लाथा घालायच्या. कासवाची चिवटपणाची, मार अडवत राहायचं, समोरचा दमला की उलटायचं. शहाण्याने एक वाट धरावी, कारण रात्रीची कात्री तिन्ही गोष्टींवर चालते आणि तिन्ही सांभाळायला दिवस पुरत नाही. पण आमचा गडी एक आणि धनी तीन. मी फर्स्टला गेलो की परभणीकर त्याला वाघ करायचा. तो सेकंडला गेला की बार्शीकर नाईटला जायच्या आधी अस्वलात गुण टाकून मोकळा. मी सकाळी बघावं तर माझ्या कासवाचा पत्ता नाही. महिनोन्‌महिने खेळूनही गडी खालच्याच पायऱ्यांवर मार खात राहिला, तो यामुळे. जो तो दुसऱ्याला बोल लावायचा आणि लॅपटॉपचं चार्जर लपवायचा.

निवाडा आप्पांनी केला. तालमीत वस्ताद एकच असतो, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी माझी निघाली.

कासवाची लढत बघायला कंटाळवाणी असते हे मान्य करतो. समोरचा बदाबदा मारतोय, आपला अडवतोय, पुन्हा अडवतोय. फेरी संपते, दुसरी सुरू होते. बार्शीकर तेवढ्यात कपडे धुऊन यायचा. पण समोरच्याची दमाची पट्टी रिकामी होत गेली आणि तो जागच्या जागी हेलपाटायला लागला, की जी मजा येते ती वाघवाल्यांना कधी कळायची नाही. शिवाय त्या वाटेवर वर चढत गेलं, की रात्रीची घसरण एका पातळीच्या खाली जाऊ न देणारे गुणही हाती लागतात. परभणीकर म्हणायचा, हा परमनंट झाला! त्या वेळी आमच्यात परमनंट झालेला एवढा एकच होता.

गेम थोर होता असं म्हणवत नाही. उत्तरार्धात तो लांबतो. तेच जिम, तेच काम, तीच झोप, आणि गोष्ट सिनेमांच्या नकलांची मोळी होऊन बसते. नायिकेला नायकाची मूडची पट्टी भरण्यापलीकडे काही कामच दिलेलं नाही, हे तेव्हाही खटकलं होतं. कित्येक रात्री आम्ही सवयीनेच खेळलो. पण दिवसाचे तास कसे वाटायचे, कुठे चालायचं आणि कुठे बसचे पैसे मोडायचे, या क्षुल्लक गोष्टींवर इतकं जीव ओतून भांडलो, ते पुढे कधी जमलं नाही. मला त्या खोलीतली आठवण येते ती लढतींची नाहीच. बार्शीकर नाईटहून येऊन बूट न काढता विचारायचा, “जेवलाय का तो?” त्याची येते.

शेवटची लढत दिवाळीला गावी जायच्या आदल्या रात्री झाली. बोनस फक्त मला मिळालेला. बार्शीकराचा ब्रेक नेमका दिवाळीच्या तोंडावर आलेला. काकूंनी चिवड्याची परात वर पाठवली आणि तिच्या मागोमाग आप्पा स्वतः आले. गड्याला काही ऐकू येत नाही हे त्यांना पुन्हा एकदा सांगून झालं. फेरी सुरू झाली आणि आप्पा ओरडायला लागले. “आत घुस! मान धर! आरं, खाली बस की!” तिसऱ्या फेरीत समोरचा दमून डुलायला लागला तेव्हा तर ते उभेच राहिले आणि चिवडा खाटेवर सांडला. जिंकल्यावर आम्हाला सोडून त्यांनी लॅपटॉपलाच शाबासकी दिली, झाकणावर अशी थाप मारून की बिजागरी त्या दिवसापासून सैल झाली ती झालीच.

पुढे खोली सुटली. 2023 च्या जानेवारीत शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. तो राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, म्हणजे चाकणच्या थोडं पुढचा. तयार झाला कात्रजला काका पवारांच्या तालमीत, आणि काका पवार म्हणजे बिराजदार मामांचे पठ्ठे. कोथरूडला झालेली ती अंतिम लढत मिनिटाच्या आतच निकाली निघाली. आप्पांनी फोन करून ती मला सांगितली, मी टीव्हीवर पाहिली होती तरी. मिनिटभराच्या कुस्तीचं वर्णन त्यांनी बराच वेळ केलं. त्याच वर्षी जुलैत ‘पंच क्लब 2’ही आला. पुढच्या काळातलं शहर, झगझगीत दिवे, राबणं तेवढंच. मी थोडा खेळून सोडून दिला. बार्शीकर आता खरोखर परमनंट आहे. परभणीकराने तळवड्यात दोन सीएनसी मशीन टाकल्यात आणि कामाला पोरं मिळत नाहीत म्हणून तो आता दुसऱ्या बाजूने वैतागलेला असतो.

पहिल्या गेममध्ये मागाहून सोप्या पातळीची सोय झाली. तीत रात्रीची कात्रीच नाही. परभणीकराचा पुतण्या या सुट्टीत त्या पातळीवर खेळला आणि काकाच्या शिकवणीप्रमाणे वाघाच्या वाटेने गेम झटक्यात संपवून मोकळा झाला. लगेच परभणीकराचा मला फोन: बघ, इतकी वर्षं सांगतोय, वाघच खरा, आता तरी कबूल कर. मी म्हटलं, सोपी पातळी काढ, पोराला बाराची कात्री लावून दे, आणि पुढच्या दसऱ्याला तुझा वाघ घेऊन खराळवाडीला ये. वस्ताद म्हणून आप्पांना बोलावू.